ऐकू आलं की बोट वर करा

गाडी घेतली तेव्हा जानेवारी होता, हे आधी सांगतो.
थंडीत कुठलंही इंजिन सभ्य वागतं.
मानकापूरच्या डीलरनं बॉनेट उघडलं,
पुसलेली जागा फडक्यानं पुन्हा पुसली,
म्हणाला, सिंगल ओनर, सर. रिटायर माणूस. मक्खन आहे.
रंग राखाडी, मागच्या सीटवर अजून प्लॅस्टिक,
ग्लोव्ह बॉक्समधे कोणाची तरी अर्धी पुडी बडीशेप
आणि जुन्या विम्याचा कागद.

एप्रिलात, सदरच्या पुलावर चढताना,
तिसऱ्या गिअरला,
कोणीतरी टिनाच्या डब्यात हरभरे हलवले.
एसी बंद केला. हरभरेच.
काच खाली घेतली, तर पुलाचा कठडा
तोच आवाज माझ्याकडे परत फेकत होता.

मग मिस्त्री.
घाट रोडच्या इश्तियाकनं लांब पेचकस इंजिनाला टेकवला,
मूठ कानाशी धरली, डोळे मिटले:
बेरिंग बोल रहा है, भाऊ. अडतीस हजार.
खामल्याच्या नेवाऱ्यानं डोळे मिटले नाहीत,
पेट्रोल कुठं भरता, एवढंच विचारलं, संशयानं.
शोरूममधल्या पोरानं लॅपटॉप जोडला.
सर, सिस्टीममधे तर काहीच दिसून नाही राहिलं.
जणू आवाज मी घरून आणला होता.

माझा धंदा कानाचा आहे.
मेडिकलमधे एक बंद खोली आहे, भिंतींना भोकाभोकांचे पत्रे,
तिच्यात मी माणसं बसवतो, हेडफोन चढवतो,
सांगतो, ऐकू आलं की बोट वर करा.
बावीस वर्षं.
आवाज आहे की नाही
हे मला कोणी शिकवू नये.

डीलरनं फोन उचलणं सोडलं तेव्हा
विम्याच्या कागदावरचा पत्ता धरून कोराडीला गेलो.
पुंडलिक ठवकर.
वाटेत भांडण पाठ केलं,
पहिलं वाक्य, दुसरं,
आणि ग्राहक मंचाचं नाव नेमकं कुठं काढायचं ते.

दार सताड उघडं. टीव्ही एवढा मोठा
की बातम्या सांगणारा घरातच उभा राहून ओरडत असावा.
ठवकरांनी कूलरसमोरची खुर्ची मला दिली. पाणी दिलं.
आवाज? म्हणाले. काहीच आवाज नव्हता जी गाडीले.
एकतीस वर्षं टर्बाइनपाशी काढली म्या,
मशीन मले समजते.
शपथ घेतली नाही, रागावलेही नाहीत,
फक्त उजवा कान माझ्याकडे केला.

चार हजार हर्ट्झपाशी तक्त्यावर एक खड्डा पडतो.
लाल पेनानं रोज काढतो मी तो.
त्यात चिमण्या पडतात, नातवंडांचे स आणि श पडतात,
रातकिडे तर आधीच.
माझी आख्खी गाडी तिथं पडली होती.
माणूस खरं बोलत होता.

आतून बाई पोह्यांची बशी घेऊन आल्या.
वाजे ना! दोन वर्षं वाजे. चढावर.
मी सांगून राहिली, तं यायले वाटे माझीच कटकट.
काय म्हणते? ठवकरांनी मला विचारलं.
काही नाही, त्या मोठ्यानं म्हणाल्या
आणि टीव्ही बारीक केला.

भांडण तसंच राहिलं, घामानं ओलं.
विम्याच्या कागदामागे लिहून दिलं:
मंगळवार, सकाळी नऊ, कान-नाक-घसा,
उपाशी यायची गरज नाही.
ठवकर फाटकापर्यंत आले,
बॉनेटवर हात ठेवून जरा वेळ उभे.
चांगली चालते ना?
चालते, मी म्हणालो. मग अजून मोठ्यानं, चालते.

परतताना पूल. तिसरा गिअर.
हात रेडिओकडे गेला होता,
तो पुन्हा स्टेअरिंगवर आणला,
आणि आलं ऐकू तसं
एकेक बोट वर करत गेलो.